शेततळ्याच्या भरावाचं गणित: लेकीचं उत्तर अन् टेपचं उत्तर जुळेना

औश्याकडचा शेतकरी:
लेक नववीला आहे. बहुपदीचा धडा चालू आहे म्हणून म्हटलं, पुस्तकातलं राहू दे, आपल्या शेततळ्याचंच मांड. लांबी रुंदीपेक्षा १० मीटर जास्त. रुंदी क्ष धरली तर लांबी क्ष + १०, परिमिती ४क्ष + २०, क्षेत्रफळ क्ष² + १०क्ष. इथवर बापलेकीचं जमलं.
आता तळ्याभोवती चारी बाजूंनी २ मीटर रुंद भराव आहे. भरावासकट क्षेत्रफळ तिनं (क्ष + २)(क्ष + १२), म्हणजे क्ष² + १४क्ष + २४ काढलं. रुंदी २० घातली की ७०४ चौरस मीटर. मी टेप धरला तर २४ बाय ३४, म्हणजे ८१६! ती म्हणायली, पप्पा, तुम्ही टेप ढिला धरला. दोन दिवस झाले, जेवताना हेच चाललंय.

परभणीचे मास्तर:
टेप बरोबर आहे. भराव दोन्ही अंगांना आहे ना? मग रुंदीत २ नाही, ४ मिळवायचे, लांबीतही ४.
(क्ष + ४)(क्ष + १४) = क्ष² + १८क्ष + ५६
२० घाला: ४०० + ३६० + ५६ = ८१६. पोरं आकृती न काढता कंस मांडतात, मग असं होतं.

जिंतूरवाला:
मला कंस कधी उमगले नाहीत राव. मी भरावाच्या पट्ट्या पाडतो. लांब अंगाच्या दोन: ४क्ष + ४०. आखूड अंगाच्या दोन: ४क्ष. उरले चार कोपरे, २ बाय २ चे: १६. झाला भराव ८क्ष + ५६.

औश्याकडचा शेतकरी:
अंगणात खडूनं पट्ट्या काढल्या, तेव्हा पटलं तिला. आता नवीनच काढलंय. जाळी तळ्याच्या काठानं १०० मीटर लागती, भरावाबाहेरून ११६. ४क्ष + ३६ मधून ४क्ष + २० गेले की क्षच उडतो. मग शेजारच्या ३० बाय ३० तळ्यालाही १६ मीटरच जास्त?

परभणीचे मास्तर:
१६च. जाळी वाढते ती फक्त कोपऱ्यांवर, कोपऱ्याला ४ मीटर. तळं गावाएवढं असलं तरी तेवढीच. क्षेत्रफळात मात्र ८क्ष राहतो, म्हणून तळं मोठं तसा भराव जास्त रान खातो. लेक हुशार आहे हो तुमची.

औश्याकडचा शेतकरी:
खातो म्हणजे काय! २१६ चौरस मीटर निघालं, दोन गुंठ्यांच्या वर. अन् खोदताना जेसीबीवाला म्हणला होता, "भरावाला कितीशी जागा लागती, मालक."