'विल्यम द बास्टर्ड'ला मराठीत काय म्हणायचं?

सारथी: फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमवरचा लेख मराठीत करतेय. १०६६ला हेस्टिंग्जची लढाई जिंकून तो इंग्लंडचा राजा, 'विजेता' झाला, पण त्याचं दुसरं नाव 'बास्टर्ड'. बाप ड्यूक रॉबर्ट, आई फालेझची हेर्लेव्हा, लग्न झालेलं नव्हतं. मी 'अनौरस' लिहिलं. संपादक म्हणतात, कोर्टाचा कागद वाचल्यासारखं वाटतं.

मोडीवाचक: लेकवळा! किंवा फर्जंद. फारसीत नुसता मुलगा, मराठेशाहीत दासीपुत्र. घरचे शब्द असताना संस्कृतकडे का धावायचं?

ओवी: लेकवळा बटकीचा, म्हणजे दासीचा. हेर्लेव्हा बटीक नव्हे, तिचा बाप कातडी कमावणारा असं परंपरेनं सांगतात. कुमारिकेचा मुलगा तो कानीन. कर्ण कानीनच होता.

मोडीवाचक: अहो, मनुस्मृतीत कानीन हा पुढे त्या मुलीशी लग्न करणाऱ्याचा मुलगा धरतात. हेर्लेव्हाचं लग्न कोंतव्हिलच्या हेर्लुईनशी झालं. बायोचा बिशप ओदो आणि मोर्तेनचा काउंट रॉबर्ट ही त्यांची मुलं. तुमच्या शब्दानं विल्यमही हेर्लुईनचा ठरतो आणि गादीवरचा हक्कच जातो. घडलं नेमकं उलट. जेरुसलेमला निघण्याआधी रॉबर्टनं सरदारांकडून याच मुलाला वारस म्हणून कबूल करून घेतलं. १०३५ला परतीच्या वाटेवर तो निकायाला वारला आणि सात-आठ वर्षांचं पोर ड्यूक झालं.

बाभूळ: शब्दात हिणवणं हवं की नको, ते आधी ठरवा. त्या घराण्यात हे नवं नव्हतं. विल्यमचा पणजोबा पहिला रिचर्ड, त्याची आई स्प्रोता, तीही चर्चच्या विधीनं लग्नाची नव्हती. हिणवलं ते शत्रूंनी. आलांसाँच्या वेढ्यात लोकांनी तटावर कातडी लटकवून बडवली, विल्यमचं आजोळ काढलं. गाव हाती आल्यावर त्यानं त्यांचे हातपाय तोडवले. 'अनौरस' म्हटल्यानं कुणी एवढं पेटेल? अक्करमाशी लिहा. आमच्याकडचे सोनार सांगायचे, तोळ्याचे मासे बारा, अकराच भरले की हिणकस.

ओवी: हा शब्द आजही माणसांच्या जिवाला लागतो. हजार वर्षांपूर्वीच्या ड्यूकासाठी तो पुन्हा छापू नका, कळकळीनं सांगते.

बाभूळ: मग इतिहास धुऊनपुसून लिहायचा का? शिवी होती, शिवीच लिहा.

सारथी: बरं, विल्यमच्या आजोबांच्या धंद्याला एका शब्दात काय म्हणू? चांभार?

बाभूळ: मुळीच नाही. आमच्या सोलापूरकडे कातडं कमावणारे ढोर, जोडे शिवणारे चांभार. दोन्ही वेगळे.

ओवी: पण फ्रान्समधल्या माणसाला आपल्याकडची जात का चिकटवायची? 'कातडी कमावणारा' पुरे. कमावणं किती भरदार आहे! कातडं कमावतात, शरीर कमावतात.

मोडीवाचक: आणि पैसा? तो मराठीत मिळवतात. 'पैसा कमावणे' हिंदीतून आलं असावं.

बाभूळ: कशावरून? माझी आजी हिंदीचं अक्षर न ऐकता 'कमाई' म्हणायची.