पुण्यात वनाजहून आईला घेऊन तुळशीबागेत कसे जावे?

वनाजवासी: भाचीच्या लग्नासाठी समई, ताम्हण आणि रुखवताचे सामान घ्यायचे आहे. आई ६८ वर्षांची असून गुडघेदुखीमुळे जिने टाळते. दोघींचा जाण्यायेण्याचा खर्च २०० रुपयांत बसावा, ही विनंती लक्षात घेऊन सल्ला द्यावा.

पिंपरीकर: मेट्रोशिवाय दुसरा विचारच करू नये. २९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून मी पिंपरीत बसतो तो थेट मंडईला उतरतो, आणि तेथून तुळशीबाग अगदी जवळ आहे.

दुचाकीस्वार: मी गेली बारा वर्षे बाबू गेनू वाहनतळावर गाडी लावत आलो आहे. दुकाने उघडण्याच्या सुमारास पोहोचल्यास जागा हमखास मिळते.

नळस्टॉपची काकू: पिंपरीकरांना गाडी बदलावी लागत नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. आपल्याला जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलण्यासाठी उन्नत मार्गावरून जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल उतरावे लागते. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, तरी चालणे होतेच. मागच्या दिवाळीत परतताना तेथेच माझ्या पिशवीचा बंद तुटला आणि नव्या समईला पोचा आला, त्याचे दुःख अजून आहे. जड सामान असेल तर येताना रिक्षाच करावी.

बावधनकर: आईच्या गुडघ्यांपुढे २०० रुपयांचा हिशेब कशाला? आम्ही दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवतो.

सदाशिवपेठी: गाड्या आणा म्हणणाऱ्यांमुळेच आमच्या पेठांत चालणे अवघड झाले आहे. ११ डिसेंबरच्या पादचारी दिनी लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद असतो, तेव्हा म्हातारी माणसे किती निर्धास्तपणे खरेदी करतात, ते एकदा येऊन पाहावे.

दुचाकीस्वार: एका दिवसाचे उदाहरण वर्षभराला लावता येणार नाही. ओझे घेऊन माणसाने किती चालावे?

पिंपरीकर: पुन्हा सांगतो, मंडई स्थानक. सोमवारी मात्र जाऊ नये, त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरची बरीच दुकाने बंद असतात.

वनाजवासी: सर्वांचे आभार. सोमवारची सूचना मोलाची आहे आणि काकूंच्या समईबद्दल खरोखर वाईट वाटले. आईशी बोलून असे ठरवले आहे की वनाजहून मेट्रोने डेक्कनलाच उतरायचे, म्हणजे गाडी बदलणे नको, आणि पुढे रिक्षा करायची. पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये या दराने ती फार महाग पडत नाही. येताना लक्ष्मी रस्त्याची एकेरी वाहतूक अलका चौकाकडेच येते, त्यामुळे रिक्षा सरळ डेक्कनला आणता येईल. हा मार्ग कोणीच सुचवला नव्हता, पण आईला तोच पटला आहे. बुधवारी सकाळी निघतो आहोत.