लाउंजमध्ये मला आत घेतलं, यांना नाही. नियम नक्की काय झालेत?

वसुधा_कोथरूड

नमस्कार. आम्ही दोघंच असतो, मी ६८, हे ७४. गेल्या महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, भाच्याच्या लग्नाला दिल्लीला गेलो. पहाटे पावणेसहाचं विमान होतं, म्हणून घरून अडीचला निघालो. यांना मधुमेह आहे, खाण्याआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. एरवी प्रवास म्हटला की मी थालीपिठं आणि गूळपापडीचा डबा बांधतेच. या वेळी नाही बांधला. यांच्या क्रेडिट कार्डावर लोहगाव विमानतळावरच्या लाउंजमध्ये जाता येतं, गेली चार वर्षं आम्ही तसंच जातोय, गरम उपमा किंवा इडली मिळते, बसायला नीट खुर्ची मिळते, स्वच्छतागृह जवळ असतं. त्या भरवशावर निघालो.

सिक्युरिटी झाली, लाउंजची पाटी समोर दिसत होती. यांनी तिथेच खुर्चीवर बसून इन्सुलिन घेतलं. दहा-पंधरा मिनिटांत ताटली हातात येणार, याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती.

काउंटरवरच्या मुलाने यांचं कार्ड घातलं. मशीनने आवाज केला, चिठ्ठी आली नाही. पुन्हा घातलं, तेच. तो म्हणाला, "सर, या कार्डावर अ‍ॅक्सेस नाहीये. मागच्या क्वार्टरचा खर्च कमी पडलाय." मग मी माझं पेन्शनच्या खात्याचं रुपे डेबिट कार्ड दिलं. ते लगेच चाललं, २ रुपये कापल्याचा मेसेजही आला. मी म्हटलं, माझ्या जागी यांना जाऊ द्या, मी बाहेर थांबते. तर तसं चालत नाही, ज्याचं कार्ड त्याचाच बोर्डिंग पास लागतो. पैसे भरते म्हटलं, तर आत गर्दी असल्यामुळे पैसे घेऊन सोडणं बंद होतं.

हे सगळं बोलणं होईपर्यंत किती वेळ गेला मला कळलं नाही. हे काउंटरला टेकून उभे होते. त्यांच्या हातातल्या बोर्डिंग पासचं टोक थरथरताना मला दिसलं. मग कपाळावरचा घाम दिसला. मी "साखर, साखर" असं मोठ्याने म्हणाले एवढंच आठवतंय. तोच मुलगा आत धावत गेला, फळांच्या रसाचा ग्लास आणि दोन केळी घेऊन बाहेर आला आणि यांच्या पाठीला हात लावून त्यांना खुर्चीपर्यंत घेऊन गेला. त्याने नियम केलेला नाही, आणि त्या पहाटे त्याच्याइतकं कुणी कामाला आलं नाही. त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही.

राग आहे तो बँकेवर. लग्नघरी गेल्यावर फोन चाळला. मेसेज आलेला होता! जूनमध्ये, इंग्रजीत, एका कर्जाच्या जाहिरातीच्या आणि एका साड्यांच्या सेलच्या मधे. "लाउंज लाभासाठी सुधारित निकष, तपशिलासाठी लिंक" एवढंच. ७४ वर्षांच्या माणसाने अशी लिंक उघडू नये, असं हीच बँक एरवी सांगत असते. मग ज्या ग्राहकाचं कार्ड बंद पडणार आहे त्याला एक फोन करायला, एक कागद पोस्टाने पाठवायला काय हरकत होती?

आता एप्रिलमध्ये मुलीकडे सिएटलला जायचं आहे. पुणे-दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को एअर इंडियाने, पुढे युनायटेडने. मुलगी आम्हाला घ्यायला सॅन फ्रान्सिस्कोला येणार आहे, तिच्याकडे युनायटेडचं गोल्ड सदस्यत्व आहे. तरी ती म्हणते, आई, तिथे मी तुम्हाला लाउंजमध्ये नेऊ शकणार नाही. हे कसं? आणि घरून निघण्याआधी आपलं कार्ड चालणार की नाही हे कळायचा खात्रीचा मार्ग कोणता? ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

जुना_कॅशियर

वसुधाताई, वाचून वाईट वाटलं. मी ३४ वर्षं बँकेत काढली, शेवटची काही वर्षं कार्ड विभागात. तुमची बँक कुठली ते सांगू नका, त्याची गरज नाही, कारण हे सगळ्यांनीच केलंय.

आधी मूळ समजून घ्या. लाउंज ग्राहकाला फुकट असतो, बँकेला नाही. आत गेलेल्या प्रत्येक माणसामागे बँक लाउंजवाल्याला पैसे मोजते. पूर्वी मोजक्या लोकांकडे अशी कार्डं होती. नंतर साध्या कार्डांवरही ही सोय दिली, पहाटेच्या विमानांना लाउंजबाहेर रांगा लागायला लागल्या आणि बँकांचं बिल वाढलं. मग खर्चाची अट आली. एचडीएफसीने १ डिसेंबर २०२३ पासून रेगालिया आणि मिलेनिया कार्डांना तिमाहीत १ लाख खर्चाची अट घातली. आयसीआयसीआयने एप्रिल २०२४ पासून बऱ्याच कार्डांना आधीच्या तिमाहीत ३५ हजार म्हटलं आणि १५ नोव्हेंबर २०२४ पासून तेच ७५ हजार केलं. अ‍ॅक्सिसने मे २०२४ पासून काही कार्डांना आधीच्या तीन महिन्यांत ५० हजार.

लोक फसतात ते "आधीच्या" या शब्दावर. तुम्ही नोव्हेंबरमध्ये गेलात म्हणजे जुलै ते सप्टेंबरचा खर्च बघितला गेला. लग्नासाठी ऑक्टोबरमध्ये त्याच कार्डावर लाखाची खरेदी केली असती तरी त्या पहाटे उपयोग झाला नसता. एप्रिलच्या प्रवासासाठी जानेवारी ते मार्च हे महिने धरा. आणि ३१ मार्चला घाईघाईने खर्च करू नका, व्यवहार खात्यात पक्का व्हायला दोन-तीन दिवस जातात.

दुसरी गोष्ट डेबिट कार्डाची. त्यालाही खर्चाची अट असेल तर जीपे-फोनपेवरून दिलेले पैसे सहसा त्यात धरत नाहीत. पैसे त्याच खात्यातून जातात, पण कार्ड वापरलं असं होत नाही. आपल्या वयाची माणसं भाजीपासून डॉक्टरांपर्यंत सगळं फोनवरून देतात आणि समजतात की खर्च होतोय.

तिसरी, काही बँकांनी काउंटरवर कार्ड घालणंच बंद केलंय. अट पूर्ण झाली की मेसेजने व्हाउचर येतं, ते आपण मागून घ्यायचं, त्याचा क्यूआर दाखवायचा. शिवाय बँका आणि लाउंज यांच्या मधली मोठी कंपनी ड्रीमफोक्स हिने १६ सप्टेंबर २०२५ पासून देशातली लाउंज सेवा थांबवली, त्यामुळे बऱ्याच कार्डांची व्यवस्था दुसरीकडे गेली. चार वर्षं चाललेली पद्धत आज चालेलच असं धरू नका.

खात्रीचा मार्ग एकच. प्रवासाच्या आठवडाभर आधी कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करा, "अमुक तारखेला, पुणे विमानतळ, देशांतर्गत, माझं कार्ड चालेल का" असं विचारा आणि त्या कॉलचा नोंद क्रमांक लिहून घ्या.

कळवण्याबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. लेखी तक्रार करा. उत्तर समाधानकारक नसेल किंवा ३० दिवसांत आलंच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

---

नेहा_वाकड

काकू, मी कामासाठी महिन्यातून दोनदा दिल्ली करते. कॅशियरकाकांनी लिहिलं ते कार्डाचं. विमान कंपनीच्या सदस्यत्वाचं गणित पूर्ण वेगळं असतं, त्यात खर्च बघत नाहीत, दर्जा बघतात. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्तारा या योजनेचे सदस्य एअर इंडियाच्या योजनेत आले, आणि तिचं नाव आता महाराजा क्लब आहे. रेड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. एअर इंडिया, युनायटेड अशा विमान कंपन्यांचा एक गट आहे, स्टार अलायन्स. गोल्ड आणि प्लॅटिनमवाले त्यात स्टार अलायन्स गोल्ड धरले जातात, त्यांना सोबत एक पाहुणा नेता येतो, मात्र दोघांकडेही त्या दिवसाचा स्टार अलायन्सच्या विमानाचा बोर्डिंग पास हवा. पुण्याहून सगळ्यात जास्त विमानं इंडिगोची. इंडिगो या गटात नाही. एअर इंडिया एक्स्प्रेसही नाही, नावात एअर इंडिया असलं तरी. तिकीट काढताना हे नीट बघा.

दिल्लीला टर्मिनल ३ वर तुम्ही इमिग्रेशननंतर आंतरराष्ट्रीय बाजूला जाल. तिथे देशांतर्गत मोफत भेट देणारं कार्ड बहुतेक वेळा चालत नाही. प्रायॉरिटी पास (काही कार्डांसोबत मिळणारं, जगभरच्या लाउंजसाठीचं वेगळं सदस्यत्व) असेल तर चालतो, पण भारतीय बँकांनी दिलेले बरेचसे प्रायॉरिटी पास भारतातल्या लाउंजमध्ये वापरले की दर माणशी शुल्क लागतं आणि ते पुढच्या बिलात दिसतं. माझ्या बाबांना असंच बिल आलं होतं.

---

पुणे_ते_सिएटल

ताई, मुलगी बरोबर सांगतेय. सगळ्यांना विचित्र वाटतं, पण युनायटेडच्याच गोल्ड सदस्यांना अमेरिकेच्या आतल्या प्रवासात युनायटेड क्लबमध्ये, म्हणजे त्यांच्या लाउंजमध्ये, घेत नाहीत. त्यांचा प्रवास आंतरराष्ट्रीय असेल तरच. तुम्ही दिल्लीहून आलेले असलात तरी ती सिएटलहून येऊन सिएटललाच परतणार, म्हणजे तिचा प्रवास देशातलाच. तेच गोल्ड तिच्याकडे एअर इंडियाचं असतं, तर तुमच्यापैकी एकाला सोबत घेऊन ती आत जाऊ शकली असती.

पैसे भरून वार्षिक सदस्यत्व घेणाऱ्यांनाही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. पूर्वी हातात सदस्यत्व असलं की विमान कुठल्याही कंपनीचं चालायचं. डेल्टाने १ जानेवारी २०१९ पासून, युनायटेड आणि अमेरिकन एअरलाइन्सने त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून, आपल्या किंवा आपल्या भागीदार कंपनीचा त्या दिवसाचा बोर्डिंग पास सक्तीचा केला. डेल्टा तर सुटण्याआधी तीन तासांच्या आतच सोडते, आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून अमेरिकन एक्स्प्रेसच्या प्लॅटिनम कार्डावर वर्षाला १० आणि डेल्टाच्या रिझर्व्ह कार्डावर १५ भेटी अशी मर्यादा आहे. थोडक्यात, कुणा ओळखीच्याचं डेल्टाचं कार्ड असेल तर युनायटेडच्या प्रवासात त्यावर विसंबू नका.

युनायटेड क्लबचा एका वेळचा पास विकत मिळतो, पण आत गर्दी असेल तर तोही नाकारतात. काकांच्या तब्येतीचा विचार करता मी त्यावर प्रवास आखणार नाही. त्यापेक्षा तिकिटावर व्हीलचेअरची विनंती आत्ताच टाका. सॅन फ्रान्सिस्कोला इमिग्रेशन, मग सामान घेऊन पुन्हा देणं, मग पुन्हा सिक्युरिटी. आमच्या आईला दोन वर्षांपूर्वी यात अडीच तास लागले होते. पुढच्या विमानापर्यंत चार तास तरी ठेवा.

---

औषधवाले_शनिवारपेठ

माझं मेडिकलचं दुकान आहे, रोज इन्सुलिन देतो म्हणून लिहितो. जेवणाआधीचं इन्सुलिन लवकर काम करतं. बाहेर असताना ताटली समोर आल्याशिवाय सुई घ्यायची नाही, लग्नात असो, विमानात असो. विमानात तर नक्कीच नाही, ट्रॉली तुमच्या रांगेपर्यंत यायला कधी कधी अर्धा तास लागतो. घाम, थरथर सुरू झाली की तीन चमचे साखर किंवा ग्लासभर गोड रस, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. त्या मुलाने अगदी बरोबर केलं. ग्लुकोजच्या गोळ्यांची नळी काकांच्या शर्टाच्या खिशात ठेवा, तुमच्या पर्समध्ये नको, कारण तुम्ही जवळ नसाल. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात कधीच नाही, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत.

---

वसुधा_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. एकेक प्रतिसाद यांना वाचून दाखवला. औषधवाल्यांचं वाचल्यावर हे उठले आणि खिशात ठेवायची नळी कोपऱ्यावरच्या दुकानातून लगेच घेऊन आले.

कॅशियरदादा, तुम्ही म्हणालात तसं यांच्या कार्डाचा जुलै ते सप्टेंबरचा हिशोब काढला. सगळा मिळून अकरा हजार. गणपतीची खरेदी मी रोखीने केली होती, औषधं आणि वाणसामान फोनवरून. म्हणजे आम्ही खर्च केला होता, फक्त त्यांच्या मोजमापात बसला नाही. जानेवारीपासून विजेचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि अमेरिकेची तिकिटं यांच्याच कार्डावर टाकणार आहे. पण केवळ लाउंजसाठी नको ती खरेदी करणार नाही, हे दोघांनीही ठरवलंय. तक्रार काल लिहून दिली, मराठीत. पोच घेतली आहे.

व्हीलचेअर तिकिटावर टाकायला मुलीला सांगितलं. सॅन फ्रान्सिस्कोला लाउंजचा विचार सोडला, ती सिएटलहून मऊ पोळी-भाजी घेऊन येणार आहे.

नेहा, एक राहिलं. दिल्लीला मध्यरात्रीनंतरचं विमान आहे आणि आम्ही संध्याकाळी सातलाच पोचतो. टर्मिनल ३ वर आंतरराष्ट्रीय बाजूला गेल्यावर, लाउंजबाहेर, आडवं होता येईल अशी लांब खुर्ची कुठल्या गेटजवळ आहे का? यांचे पाय सुजतात, दोन तास वर ठेवता आले तरी पुढचा प्रवास सोपा जाईल.