वाढत्या अंगाची एटीव्ही

बावधनकर
काल इथे एकांनी फोटो टाकला. मुळशीच्या शेतावर सात वर्षांचे चिरंजीव १२५ सीसी एटीव्हीवर (मातीत चालवायची चार फुगीर चाकांची गाडी), डोक्यावर क्रिकेटची टोपी, मागे आत्या. खाली मजकूर: "जरा मोठीच घेतली, दोन वर्षांत अंगाला येईल." त्यावर बदामांचा पाऊस. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा, बाही दुमडता येते. शंभर किलोच्या वरचं धूड कुठून दुमडणार? पोराला पाय ठेवायच्या दांड्यांवर सरळ उभं करा. सीट आणि बूड यांच्यात तीन ते सहा इंच मोकळे हवेत. हँडल पूर्ण वळवा, लांबचा हात न ताणता पोचतो का बघा. ब्रेकवर बोटं नीट पोचतात का बघा. यातलं एक जरी जमत नसेल तर गाडी त्याची नाही, तुमची हौस आहे. आणि मागे कुणी बसवायचंच नाही. वळताना अंग सरकवूनच ही गाडी सावरायची असते. मागे माणूस चिकटलेला असताना पोर सरकणार कुठे?

मुळशी_वीकएंड
फोटो माझा. आत्या नाही, मावशी आहे. जमीन माझी, पोरगा माझा, पैसे माझे. मी आठव्या वर्षी काकांची एम-८० दुचाकी दामटायचो, अजून धडधाकट आहे. इथे पुण्यात सोसायटीच्या आवारातही तो रोज एक चक्कर मारतो, वॉचमन सलाम ठोकतो. जळणाऱ्यांनी बर्नॉल लावा.

दोन_पोरांची_आई
एम-८० वरून पडलात तर गाडी बाजूला पडायची हो, ही अंगावर येते. कामशेतजवळ एका ठिकाणी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला मोठी एटीव्ही दिली. "मॅडम, ऑटोमॅटिक आहे, नुसता अंगठा दाबायचा." हेल्मेट मोठ्या माणसाचं, मान वळवली की ते जागेवर आणि आत डोकं फिरतंय. बांधावर एक चाक चढलं, घाबरून त्याने अंगठा सोडायच्या ऐवजी आणखी दाबला. कॉलरबोन मोडलं. तिथला माणूस पळत आला तो आधी गाडीचं मडगार्ड बघायला.

शनिवारातले_काका
मोडलं कॉलरबोन, आणि मध्येच हेल्मेट घुसवलंत! गावात ताशी वीसच्या वर दुचाकी जात नाही, तिथे डोक्यावर हंडा कशाला? घाम, मानदुखी, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. मंडईत गाडीला अडकवलेली दोन हेल्मेटं गेली माझी. आधी खड्डे बुजवा म्हणावं.

हडपसर_ते_हिंजवडी
काका, हेल्मेटविरोधात मोर्चे काढणारे आपण, २०१९ मध्ये निघालेच की पुण्यात. ताशी वीसच्या वेगात डांबर मऊ होतं का?

शनिवारातले_काका
वय काय तुमचं? मी पन्नास वर्षं टिळक रोडवर गाडी चालवतोय.

हडपसर_ते_हिंजवडी
टिळक रोडला विचारा तो काय सोसतोय.

दोन_पोरांची_आई
दोघं जरा थांबाल का? विषय पोरांचा आहे. (आणि काका, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलालासुद्धा दुचाकीवर हेल्मेट लागतं आता, नियमच आहे.)

शनिवारातले_काका
मग झोळीत घालून न्या त्याला.

बावधनकर
मूळ मुद्द्यावर येतो. सोसायटीतल्या चक्करवर खरं तर मला जास्त बोलायचंय. बहुतेक लहान एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच आसावर जखडलेली असतात, आणि टायर फुगीर, कमी हवेचे. मातीत चाक थोडं घसरतं म्हणून वळण जमतं. पेव्हर ब्लॉकवर ते पकडून ठेवतं आणि गाडी कलंडते.

अमेरिकेत सहा वर्षांवरच्या मुलांसाठीच्या गाडीला कमाल वेग ताशी २४ किलोमीटर, आणि तोही आवळून १६ वर आणता आला पाहिजे. तिथले बालरोगतज्ज्ञ तर १६ वर्षांखाली नकोच म्हणतात. मी एवढा कडक नाही, माझीच भाची चालवते. पण तिची गाडी तिच्या मापाची आहे, वेग वाढू नये म्हणून थ्रॉटलचा (अंगठ्याने दाबायच्या अ‍ॅक्सिलरेटरचा) स्क्रू आत पिळलेला आहे, आणि इंजिन बंद करायची दोरी माझ्या मेव्हण्याच्या हातात असते.

उद्या गेटबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ वाचून ठेवा. अल्पवयीनाच्या गुन्ह्यात पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. तिथे वॉचमनचा सलाम चालत नाही.

मुळशी_वीकएंड
झालं प्रवचन? बायकोने हा धागा वाचला, त्यामुळे आज मुलाला उभं करून बघावं लागलं. उभं राहिल्यावर बूड सीटलाच टेकलेलं. ब्रेकवर फक्त मधल्या बोटाचं टोक. चला, तुम्ही जिंकलात, पेढे वाटा. गाडी आता मी चालवणार. मावशी मागे बसणार नाही म्हणाली, तेही तुमच्यामुळेच.

दोन_पोरांची_आई
विकणार असाल तर घेणाऱ्याचं पोर किती वर्षांचं आहे ते आधी विचारा.

शनिवारातले_काका
आणि हेल्मेट फुकट देऊ नका. मंडईत चांगला भाव येतो, मला माहितीये.