बाइकच्या पुढच्या अलॉय चाकाची कड खड्ड्यात चेपली. बेंड काढायचा की चाकच बदलायचं?

ओली_चेन विचारतो:

पावसाचं पाणी साचलेला खड्डा, खोली काही कळली नाही. पुढचं चाक सरळ आत गेलं. पडलो नाही, पण दणका मनगटापर्यंत आला. नंतर बघितलं तर अलॉयच्या डाव्या कडेला अंगठा टेकेल एवढा पोचा. १७ इंची चाक, ट्यूबलेस टायर, पुढे डिस्क. संध्याकाळी भरलेली हवा सकाळी निम्म्यावर येते. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे बरोबर पोच्यापाशीच.

गॅरेजवाला म्हणतो, "गॅसवर लाल करतो, दोन हातोडे मारतो, चाक तयार." मन धजावत नाही. कोणी असं करून घेतलंय का? की सरळ नवीन चाक घेऊ?

झाकण :

एवढं काय त्यात. ट्यूब टाका आणि चालवा. माझ्या मागच्या चाकात कधीची आहे.

आउट_काढणारा :

गाडी आधी उभी करा, मग बोलू. मी चाकांचंच काम करतो म्हणून थोडं लांबण लावतो.

ॲल्युमिनियम लाल होत नाही. लोखंडासारखा रंग चढायच्या आत ते वितळतं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना, आणि चाकाचा मिश्रधातू त्याच्याही आधी. "लाल करतो" म्हणणाऱ्याने आजवर काय केलं असेल देव जाणे. चाक ओतल्यावर कारखान्यात त्याला ठरावीक तापमानाची प्रक्रिया देऊन ताकद आणलेली असते. त्यावर गॅसची उघडी ज्योत धरली की तेवढ्या भागाची ताकद जाते. कड सरळ दिसते, रंग मारला की नवी दिसते, आणि पुढच्या खड्ड्यात आधीपेक्षा लवकर वाकते.

आता तुमचं चाक. पोचा किती मोठा आहे यापेक्षा तडा आहे का हे आधी बघायचं. टायर उतरवा, आतली बाजू रॉकेलने स्वच्छ पुसा आणि टॉर्च तिरपी धरून पोच्याच्या दोन्ही टोकांना बघा. तडा बहुतेक वेळा तिथून निघतो, पोच्याच्या मधून नाही. मग दांड्या रिमला मिळतात ती जागा आणि हबभोवतीचा, म्हणजे चाकाच्या मध्याभोवतीचा भाग. शंका आली तर डाय पेनिट्रंटची चाचणी करून घ्या: लाल द्रव लावतात, पुसतात, वर पांढरी पावडर मारतात; तडा असेल तर लाल रेघ उमटते. रेघ दिसली की चाक भंगारात.

टायर उतरवायच्या आधी एक काम करा. डबल स्टँडवर पुढचं चाक अधांतरी धरा. फोर्कला एक केबल टाय घट्ट बांधून त्याचं टोक रिमच्या कडेपासून केसभर लांब ठेवा आणि चाक हळू फिरवा. डावी आणि उजवी, दोन्ही कडा वेगवेगळ्या तपासा. काय दिसतं ते इथे लिहा.

झाकण, ट्यूब टाकून गळती थांबते, पोचा नाही. चेपलेल्या कडेवर टायर नीट बसलेला नसतो तो नसतोच. वर हवा उतरत नाही म्हणून कोणी परत बघतही नाही.

तारेवरची_कसरत :

म्हणून मी स्पोकची गाडी घेतली. आउट आला, म्हणजे चाक फिरताना डुलायला लागलं, की निपल (स्पोकच्या टोकाचे नट) फिरवा, झालं.

आउट_काढणारा :

अर्धं खरं. स्पोक सैल-घट्ट करून चाकाचा आउट निघतो, कडेला बसलेला ठोका निघत नाही. तो ओढायला गेलात की शेजारचे चार स्पोक जास्त ताणले जातात आणि पुढे तेच तुटतात. पण लोखंडी रिम वाकतं, सहसा चिरत नाही, आणि स्पोकच्या चाकात रिम एकटं बदलता येतं. तेवढं मान्य.

ओली_चेन :

केबल टायने बघितलं. डावी कड पोच्याच्या जागी साधारण ३ मिमी आत जाते. उजवी कड पूर्ण फेरीत हलत नाही. चाक डावीकडे-उजवीकडे हलतंय असंही वाटलं नाही. टायर उतरवून आतून बघितलं, तडा दिसला नाही. हो, हँडल मात्र सरळ धरलं की मध्ये किंचित अडकतं.

वेल्डर_नव्हे :

तडा असता तरी आर्गॉन वेल्डिंग होतं की. आमच्या ओळखीत एकाने केलंय, गाडी मस्त चालते.

आउट_काढणारा :

चालते, तुटेपर्यंत. वेल्डच्या शेजारची पट्टी मऊ पडते आणि तडा तिथूनच पुन्हा निघतो. पुढच्या चाकावर मी ते काम घेत नाही, वाद घालायचा असेल तर दुसरा धागा काढा.

ओली_चेन, माप चांगलं घेतलंत. उजवी कड स्थिर आहे म्हणजे फक्त डावा ओठ, म्हणजे बाहेरची कड, दबलाय; रिमचा पिंप, म्हणजे दोन कडांमधला गोल भाग, जागेवर आहे. दोन्ही कडा एकाच ठिकाणी आत गेल्या असत्या तर मी चाक बदला म्हटलं असतं. फेरीभर चाक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सावकाश सरकत असतं तर बेअरिंग किंवा पूर्ण चाकाचा पीळ शोधावा लागला असता.

कंपन्यांची मॅन्युअलं सहसा वाकलेलं अलॉय बदलाच म्हणतात, आणि ती चूक नाहीत. चालणाऱ्या आउटची मर्यादा अनेक मॅन्युअलांत २ मिमी असते, काहींत १. तुमच्या गाडीची बघून घ्या. तरी तडा नसलेला, फक्त ओठाचा पोचा हायड्रॉलिक प्रेसवर, चाक हबवर पक्कं बांधून, हळूहळू दाबून काढतात. हातोडा नाही, ज्योत नाही. काढून झाल्यावर त्याच जागेची तड्यासाठी पुन्हा तपासणी, कारण वाकवताना न चिरलेलं सरळ करताना चिरू शकतं. मग डायल गेजवर (आउट मोजायच्या काट्याच्या मापकावर) माप, बॅलन्सिंग, टायर बसवून साबणाचं पाणी. एकदा प्रेस केलेली जागा पुन्हा वाकली तर परत आणू नका, चाक घ्या.

हँडल मध्ये अडकतं ही गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत, मला ती पोच्यापेक्षा महत्त्वाची वाटते. कोनसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या, रेसमध्ये (गोळ्या फिरतात त्या कड्यांत) गोळ्यांचे ठसे उमटले असणार. सरळ जाताना गाडी त्या खाचेत बसते आणि बारीक वळवायला गेलं की झटका देते. घट्ट करून जात नाही, सेट बदलावा लागतो. चाक काढलेलंच आहे तर व्हील बेअरिंग बोटाने फिरवून बघा, डिस्कला आउट आलाय का बघा, आणि फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ शोधा.

ओली_चेन :

प्रेसवाला शोधतो. कोनसेटही सांगतो. टायरवर पोच्याच्या जवळ चिंचोक्याएवढा फुगा आलाय, पण गळती तिथून नाही. तो चालेल ना?

आउट_काढणारा :

नाही. आतले धागे तुटलेत. टायर नवीन घ्या.