मदत हवी आहे: आईसाठी जनरल डॉक्टरांची व्हिडिओ अपॉइंटमेंट नीट कशी जमवायची?

सायली_क
नमस्कार मंडळी,
माझी आई ७१ वर्षांची आहे, माझ्यापासून लांब, एकटी राहते. बीपी आणि थायरॉइड, दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. गुडघ्यांमुळे जिना उतरायचा म्हटलं तरी तिच्या कपाळावर आठ्या येतात. इतकी वर्षं ज्यांच्याकडे जायची त्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, म्हणून आता व्हिडिओ कॉलवर जनरल डॉक्टर मिळवून देण्याची खटपट करते आहे.

अपॉइंटमेंट मिळते, तिथे काही अडत नाही. अडतं पुढे. दर वेळी नवे डॉक्टर समोर येतात आणि सगळी कहाणी पहिल्यापासून सांगण्यातच निम्मा वेळ जातो. त्यात डॉक्टर दिसले की आईची तब्येत एकदम ठणठणीत होते! आदल्या रात्री मला फोनवर "पाय भरून आलेत गं" म्हणणारी बाई कॅमेऱ्यासमोर "तशी बरी आहे हो मी" म्हणून मोकळी. डॉक्टर तरी बिचारे काय करणार?

आत्ताची काळजी अशी, की बीपीची गोळी (अ‍ॅम्लोडिपिन) ५ मिलिग्रॅमची १० केली तेव्हापासून संध्याकाळी तिचे दोन्ही घोटे सुजतात. सकाळी बरंच उतरलेलं असतं. हे व्हिडिओवर दाखवून भागेल का? न तपासता डॉक्टर गोळी बदलू शकतात का, आणि बदलली तर ते कितपत बरोबर? शिवाय मी माझ्या घरून त्याच कॉलमध्ये येऊ शकते का? आणि एकच डॉक्टर कायम मिळावेत यासाठी काय करता? भाऊ म्हणतो, हे सगळं सोड आणि तिला गाडीत घालून दवाखान्यात ने. पण दर महिन्याला ते जमणारं नाही.

मंदारमाला
सायली, माझ्या सासऱ्यांचं बरंचसं असंच चालतं, त्यामुळे अनुभवाचं सांगते.

जिथे कोणीही मोकळा डॉक्टर जोडून देतात अशा सेवेपेक्षा, आईंच्या घराजवळ खराखुरा दवाखाना असलेले आणि व्हिडिओवरही बघणारे डॉक्टर शोध. सर्दी-पडशाला कोणीही चालतं. बीपी, थायरॉइडसारखं वर्षानुवर्षांचं दुखणं असलं की माणूस एकच लागतो, आणि "एकदा येऊन दाखवा" असं म्हणायची वेळ आली तर तपासणाराही तोच असतो. अपॉइंटमेंट घेताना डॉक्टरांचं नाव सांगूनच घ्यायची, ते कोणत्या वारी व्हिडिओवर असतात ते विचारायचं, आणि कॉल संपण्याआधीच पुढची तारीख ठरवून टाकायची.

दुसरं, एक कागद कर. सगळ्यात वर आजची तक्रार, एकाच वाक्यात. खाली चालू गोळ्या, पाकिटावर बघून लिहिलेल्या (आठवणीतून नको, ५० आणि ५०० मध्ये गोंधळ होतो), किती वाजता घेतात तेही. कशाची अ‍ॅलर्जी, झालेली ऑपरेशनं, शेवटच्या रक्ततपासणीची तारीख आणि आकडे. हा कागद कॉलच्या आधीच पाठवून ठेवायचा. नव्या डॉक्टरांनाही मग कहाणी लागत नाही.

तू कॉलमध्ये नक्की ये, पण "माझी मुलगी ऐकते आहे, चालेल" हे आईंनी स्वतः डॉक्टरांना सांगायला हवं. आणि राग मानू नकोस, शेवटची दोन मिनिटं तू बाहेर पड. लघवीच्या, झोपेच्या, मन लागत नसल्याच्या गोष्टी सासरे आमच्यासमोर कधीच बोलले नसते.

कुंभकर्ण२
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. माझी भर एवढीच: खिडकीकडे पाठ करून बसवू नका, चेहरा काळा दिसतो. फोन हातात न देता कशाला तरी टेकवून ठेवा. ऐकू कमी येत असेल तर हेडफोन. आणि रेंज गेली तर डॉक्टर साध्या फोनवर करतील ना, हे आधीच विचारून ठेवा. आमचा कॉल तुटला, डॉक्टरांनी पुढचा पेशंट घेतला आणि आम्ही बसलो स्क्रीनकडे बघत.

डॉ_नाडीपरीक्षा
मी जनरल प्रॅक्टिस करतो. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण माहिती म्हणूनच वाचा.

अ‍ॅम्लोडिपिनमुळे घोटे सुजणं आम्ही नेहमी बघतो, आणि डोस वाढला की त्याचं प्रमाणही वाढतं. दोन्ही पाय, संध्याकाळी जास्त, सकाळी कमी, हे वर्णन त्याला धरून आहे. पण म्हणून तेच कारण असं गृहीत धरू नका आणि गोळी आपल्या मनाने बंद तर अजिबात करू नका. डोस कमी करायचा, गोळी बदलायची की जोडीला दुसरी द्यायची, हे त्यांच्या डॉक्टरांना ठरवू द्या. व्हिडिओवर हे ठरवता येतं का? बऱ्याचदा येतं. मात्र मला समोर बीपीचे आकडे लागतात.

ते असे मोजा. अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम काही नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नको. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. मोजताना गप्पा बंद. बोलण्याने आकडा वर जातो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढतो आम्ही. बीपी जास्त म्हणायला दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरच्या मोजणीला १३५/८५. अशी वही समोर आली की "तशी बरी आहे हो मी" हे मी हसून सोडून देऊ शकतो.

सूज दाखवायची तर संध्याकाळी, दिवसाउजेडी फोटो काढून ठेवा. आमची वेळ बहुधा सकाळची, तेव्हा पाय उतरलेले असतात. कॉलवर मी पेशंटला नडगीच्या हाडावर अंगठा थोडा वेळ दाबून धरायला सांगतो. खळगा उरला तर ते कॅमेऱ्यात दिसतं. रात्री आडवं पडल्यावर दम लागतो का, उशा वाढवाव्या लागल्या का, थोड्याच दिवसांत वजन चढलं का, हेही विचारतो, कारण मग संशय गोळीवरून हृदयाकडे वळतो.

एकाच पायाला सूज आणि पोटरी दुखते, गरम लागते, तर व्हिडिओची वाट बघू नका, त्याच दिवशी प्रत्यक्ष दाखवा. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यांत तर अपॉइंटमेंटचा विचारच नको, सरळ तातडीची सेवा.

पोट दाबून बघणं, कानात डोकावणं, छाती ऐकणं हे स्क्रीनवरून होत नाही. खोकल्याचा आवाज मात्र ऐकता येतो. फोनवर मुलाचा खोकला ऐकून डॉक्टरांनी घरच्यांना धीर दिल्याची हकीकत १८७९ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आहे, म्हणजे आमचा हा उद्योग टेलिफोनच्याच वयाचा!

आजोबांचा_नातू
डॉक्टरसाहेबांचा आदर ठेवून म्हणतो, मला हे पूर्ण पटत नाही. म्हातारी माणसं खोलीत शिरताना कशी चालतात, खुर्चीतून उठताना कशाला धरतात, यातच चांगल्या डॉक्टरला निम्मं कळतं. स्क्रीनवर फक्त चेहरा दिसतो. आमच्या आजोबांना सगळं व्हिडिओवरच चाललं होतं, आणि तोल जातोय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. भाऊ म्हणतो त्यात तथ्य आहे. निदान पहिली भेट तरी समोरासमोर होऊ द्या.

डॉ_नाडीपरीक्षा
पहिल्या भेटीबद्दल तुमच्याशी सहमत. मीही नवा वयस्कर पेशंट शक्यतो आधी एकदा बघतो आणि मधल्या भेटी व्हिडिओवर घेतो. चालण्याचं म्हणाल तर मी कॉलवर खुर्चीतून उठून खोलीभर चालून दाखवायला सांगतो, पण तेव्हा शेजारी कोणी तरी हवं. एकटं असताना नको.

आणि "प्रत्यक्ष या" म्हणणारा डॉक्टर टाळतोय असं वाटून घेऊ नका. मला उलट धास्ती वाटते ती काहीही न विचारता दोन मिनिटांत अँटिबायोटिक लिहून देणाऱ्यांची.

सायली_क
सगळ्यांचे मनापासून आभार. आईच्या घराजवळ व्हिडिओवरही बघणाऱ्या एक डॉक्टर सापडल्या आहेत. येत्या आठवड्यात भाऊ तिला एकदा प्रत्यक्ष दाखवून आणेल (त्याला हा धागा वाचायला दिला, स्वारी खूश आहे), नंतरचं व्हिडिओवर. शेवटची दोन मिनिटं बाहेर पडायचं मात्र मला सुचलंच नसतं, मंदारमाला.

डॉक्टर, एकच शेवटचं. आईकडे मनगटावर बांधायचं बीपीचं मशीन आहे. ते चालेल की नवं घेऊ?

डॉ_नाडीपरीक्षा
दंडावरचं घ्या. मनगटाची मशीन्स हात जरा वर-खाली झाला तरी आकडा बदलतात. घेण्याआधी आईंच्या दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्टा त्या मापाचा आहे ना ते खोक्यावर बघा, लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो. प्रत्यक्ष जाल तेव्हा मशीन बरोबर न्या आणि दवाखान्यातल्या मोजणीशी ताडून घ्या.