ब्राझील पाहून आलात. पण गोव्यात घरोघरी जाणार कोण?
(टोपणनावांनी चाललेली चर्चा)

खाजनकाठ
परदेशी अभ्यासदौऱ्याहून परतलेल्या एका गटाची पोस्ट कालपासून फिरतेय. ब्राझीलमध्ये आरोग्यसेविका महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जाते, आपलंही पोर्तुगीजांशी जुनं नातं, तेव्हा हे गोव्यात सहज रुजेल, असा त्या पोस्टचा सूर.

त्या नात्याचा इथे संबंधच काय? सेविकांचं काम १९८७ मध्ये ब्राझीलच्या सेआरा राज्यातल्या दुष्काळात सुरू झालं. सगळ्यांना मोफत आरोग्यसेवा हा हक्क १९८८ च्या राज्यघटनेनं दिला. १९९१ मध्ये सेविका देशभर आल्या आणि १९९४ पासून त्यांच्या पाठीशी डॉक्टर-नर्सचं पथक उभं राहिलं. एका सेविकेकडे जास्तीत जास्त ७५० माणसं. तिनं शोधलेला रुग्ण तिच्याच पथकाच्या डॉक्टरकडे जातो, आपल्याकडे तो बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात ओपीडीच्या रांगेत लागतो. पथकाबद्दल पोस्टमध्ये अवाक्षर नाही, फोटो मात्र भरपूर. असं पथक मिळेपर्यंत इथे सेविका नकोच.

सत्तरीची वाट
फोटोंचा राग मूळ मागणीवर का काढता? देशभर आशा, म्हणजे गावातल्याच आरोग्यसेविका, नेमल्या गेल्या, गोवा त्यातून वगळलेला राहिला. बाकी राज्यांत बाळ इस्पितळात जन्मलं तरी आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. बाळाचं वजन करते, ताप पाहते, नाळ कोरडी आहे का, बाळ अंगावर नीट पितं का ते तपासते. इथे हे कोण करणार? उपकेंद्राच्या एएनएमकडे (सहायक परिचारिकेकडे) ५००० लोक, डोंगराळ भागात ३०००. सत्तरी-सांग्यातले विखुरलेले वाडे तिनं एकटीनं कधी फिरायचे?

माशेल नाका
आणि फिरलीच तर लिहायचं किती! माता-बालकांसाठी आरसीएच, केंद्राच्या आकडेवारीसाठी एचएमआयएस, लसीकरणाला यू-विन, क्षयरोगाला निक्षय, मधुमेह-बीपीसारख्या आजारांना एनसीडी. तेच नाव, तेच वय पुन्हा पुन्हा भरायचं. तिशीपुढच्या प्रत्येकाचा अशा आजारांचा धोका मोजणारा सीबॅक फॉर्म वेगळाच, ४ च्या वर गुण आले की आधी तपासणीला पाठवायचं. नवी सेविका आणली की तिच्या हाती सहावं रजिस्टर देणार, हे मी लिहून देतो.

तिसवाडी
रजिस्टर राहू दे, त्यात भरलेला आकडा तरी खरा असतो का? घरोघरी बीपी घेतात ते पाहा. बाई चुलीपुढून उठून आली की लगेच पट्टा बांधतात. आधी पाच मिनिटं शांत बसवायला हवं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात काळजाच्या पातळीला टेकवलेला. हात लोंबकळत ठेवला किंवा मधेच गप्पा मारल्या की आकडा चढतो. साधा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर दंडाचा असतो. जाड दंडावर तोच ओढून बांधला तर बीपी खोटंच वाढलेलं दिसतं. मग एका आकड्यावर माणूस गोळ्यांना लागतो.

सत्तरीची वाट
म्हणून बीपी घ्यायचंच नाही? मिनिटभरानं दुसऱ्यांदा घ्या, १४०/९० च्या वर राहिलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा घ्या. हे शिकवता येतं. बायकांना जमणार नाही हे तुमचं गृहीतच मला मान्य नाही.

तिसवाडी
माझ्या तोंडी नको ते घालू नका! बायकांबद्दल मी शब्द काढलेला नाही. सहा महिन्यांनी सेविका बीपी नीट घेते का हे कोण तपासतो, मशीन कोण पडताळून पाहतो, मोठा पट्टा कोण पुरवतो, एवढंच विचारतोय.

माशेल नाका
याचं उत्तर ब्राझीलमध्ये नाही, गोव्यातच आहे. संगथ संस्थेनं इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय शिक्षण नसलेले समुपदेशक तयार केले. तीव्र नैराश्याच्या रुग्णाशी सहा ते आठ बैठका. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे चांगले निष्कर्ष आले. बैठकीचं ध्वनिमुद्रण सहकारी एकत्र बसून ऐकायचे, गुण द्यायचे, कुठे घाई झाली ते सांगायचे. देखरेख ही अशी. दौऱ्याच्या पोस्टमध्ये संगथचं नाव असायला हवं होतं.

खाजनकाठ
मान्य. पथक मिळेपर्यंत सेविका नकोच, हा माझा हट्ट मी सोडतो. पण आठवड्याला ठरलेली बैठक, तपासणारी नर्स आणि रुग्ण स्वीकारणारा एक नेमका डॉक्टर या तीन गोष्टी आदेशात आधी छापा. आणि मानधनावर राबवू नका. ब्राझीलनं २०२२ मध्ये घटनादुरुस्ती करून दोन किमान वेतनांएवढा पगार बांधून दिला, तोही पोस्टमध्ये गाळला आहे.

सत्तरीची वाट
पगाराबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण डॉक्टरचं नाव छापून येईपर्यंत ३ ऱ्या आणि ७ व्या दिवसाची भेट थांबवायला मी तयार नाही. त्या दोन भेटींना वजनकाटा, थर्मामीटर आणि तापलेलं किंवा दूध न ओढणारं बाळ कुठे न्यायचं तो फोन नंबर, एवढं पुरतं. सुरुवात सत्तरीतल्या वाळपईपासून करा, बैठकीचा वार नंतर ठरवा.

तिसवाडी
तो फोन रात्री कोण उचलणार, ते लिहा.